गल्ली दणाणून सोडणारा कृष्णा

कंपनीत माणसांना वर्षातून एकदा काहीतरी शिकवलंच पाहिजे, असा कुणीतरी नियम करून ठेवला आहे. मागच्या वर्षी योगासनं झाली. त्याच्या आदल्या वर्षी आग कशी विझवायची ते झालं, आणि त्या नादात कँटीनचा पडदा जळाला. यंदा पुण्याहून मोनिका मॅडम आल्या आणि म्हणाल्या, आज आपण प्रत्येकाचा स्वभाव कोणत्या प्रकारचा आहे ते शोधून काढू. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं की त्यासाठी पुण्याहून कशाला यायला पाहिजे, आमच्या बायकांना फोन लावला असता तर त्यांनी फुकटात सांगितला असता.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात पत्र्याला दाब देऊन गाड्यांचे बारके भाग बनवतात. तिथं दिवसभर एवढा आवाज असतो की माणसं स्वभाव वगैरे गेटबाहेर ठेवूनच आत येतात. पण मॅडम मनापासून शिकवत होत्या, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: आग, वारा, पाणी, माती. म्हणाल्या, मोठं झाल्यावर माणूस सोंगं करायला शिकतो. सात वर्षांच्या आत तो जसा असतो, तोच खरा. तेव्हा लहानपणी तुम्ही काय करायचात ते आठवा आणि उठून सांगा.

एकेकाची फजितीच झाली. कुणाला मार खाल्लेला आठवला, कुणाला बैल. मग कृष्णा कुटे उठला.

कृष्णाला आठवायची गरजच नव्हती. त्याला ती गोष्ट तोंडपाठ होती. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा त्याच्या आईनं, भागूबाईनं, गावातल्या पीराच्या पंजापुढं नवस बोलला की पोरं जगली तर मोहरममध्ये त्यांना फकीर करीन. मराठवाड्यात हे नवीन नाही. हिंदू घरातली पोरंही हिरवा कुडता घालतात, गळ्यात नाडा बांधतात आणि झोळी घेऊन हुसेनच्या नावानं दारोदार मागून येतात. तर सहा वर्षांचा कृष्णा फकीर झाला की शेंद्रा गावची गल्ली दणाणून सोडायचा. 'दे माई' म्हणून असा आवाज लावायचा की झोपलेल्या बायका पीठ घेऊन बाहेर यायच्या. पाटलाच्या चावऱ्या कुत्र्यालासुद्धा तो बधला नाही. धाकटा विश्वजीत बिचारा त्याच्या कुडत्याचं टोक धरून मागं मागं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी 'आग' या शब्दाखाली त्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, हे बघा, असे लोक पुढं उभे राहतात, दुसऱ्यांसाठी बोलतात. कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या साहेबांनी मान हलवली.

लाइनवर सुपरवायझरची जागा रिकामी होतीच. पुढच्या महिन्यात ती कृष्णाला मिळाली. आता ती त्या गोष्टीमुळं मिळाली की वीस-बावीस वर्षांच्या नोकरीमुळं, ते साहेबांना माहीत. पण कृष्णाला विचाराल तर गोष्टीमुळं.

कारण ही गोष्ट म्हणजे कृष्णाच्या आयुष्यातली एकुलती एक कमाई होती, असं म्हटलं तरी चालेल. भागूबाईनं ती दहावीच्या परीक्षेच्या सकाळी सांगितली. संध्याला बघायला गेले तेव्हा तिच्या बापासमोर सांगितली. कारखान्यांसाठी जमीन गेली आणि घरटी एक नोकरी मिळणार म्हणून मुलाखत होती, त्या दिवशी दारात उभं करून सांगितली. आणि कृष्णा? कृष्णा मुलाखतीत तीन शब्द बोलला असेल. संध्याशी पहिलं वाक्य तो लग्नानंतर बोलला, तेही पाणी मागायला. बसमध्ये कंडक्टरनं सुटे परत दिले नाहीत तर हा खिडकीबाहेर बघत बसणार. गल्लीत कुणी याच्या दारासमोर गाडी लावली तर हा आपली गाडी पुढच्या गल्लीत नेऊन लावणार. पण आतून त्याची खात्री होती की आपण मुळात धीट आहोत, फक्त तशी वेळ अजून आलेली नाही. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण त्या हिरव्या कुडत्यातल्या पोरावर त्याचा लई भरवसा.

आणि मग वेळ आली.

त्याच्याच लाइनवर शफीक कामाला होता. शफीक म्हणजे गावातला शेजारी, जमिला खालाचा मुलगा, कृष्णाच्याच वयाचा. दोघं एका मातीत खेळले. पुढं कृष्णा कंपनीत कायम झाला आणि शफीक ठेकेदाराकडून आला, एवढाच फरक. पण कारखान्यात तो फरक सगळ्यात मोठा असतो. शफीक प्रेसवर, म्हणजे पत्र्याला दाब देणाऱ्या मशीनवर होता. एक दिवस तो कृष्णाकडं आला आणि म्हणाला, "डाय घासली बघ. मालाच्या कडेला धार यायली. मशीन थांबवून बदलायला सांग वरती." डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो झिजला की माल वाया जातो.

कृष्णा म्हणाला, "सांगतो."

सांगायला तो गेलाही. मोठे साहेब फोनवर कुणाला तरी उत्पादन का कमी झालं म्हणून झापत होते. कृष्णा काचेच्या दाराबाहेर थांबला, थोडा वेळ भिंतीवरच्या सूचना वाचल्या आणि परत आला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा चेहरा बरा नव्हता. तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. शफीकनं आणखी एकदा विचारलं, तेव्हा कृष्णा म्हणाला, "कानावर घातलंय." काय म्हणावं या माणसाला? कुणाच्या कानावर घातलं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत.

माल ग्राहकाकडून परत आला, सगळाच्या सगळा. कुणाचा तरी बळी द्यायला पाहिजे होता, आणि ठेकेदाराचा माणूस असताना कायम माणसाचा कशाला देतील? प्रेसवर कोण होतं, तर शफीक. त्याला घरी बसायला सांगितलं. शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग, तिथं शेवटचं ठरणार. शफीकनं वेळेवर सांगितलं होतं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला मीटिंगला बोलावलं नव्हतं.

कृष्णा ताटावरून अर्धवट उठायला लागला. संध्यानं विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी. पण मनाशी त्यानं ठरवलं होतं की शनिवारी बोलायचं. 'सर, शफीकनं मला सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही.' एवढंच तर वाक्य. गाडीवर जाता-येता तो ते हेल्मेटच्या आत म्हणून बघायचा. हेल्मेटमध्ये ते छान यायचं.

आता इथं कृष्णानं जे केलं ते त्याच्यासारखाच माणूस करू शकतो. गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो आता चिकलठाण्यात राहणाऱ्या जमिला खालाच्या घरी गेला. का, तर आईच्या तोंडून ती गोष्ट हजारदा ऐकून झाली होती, तिची धार गेली होती. खालानंच तर ते हिरवे कुडते शिवले होते. पोरांना घेऊन गल्लीतून तीच फिरायची. तिच्या तोंडून एकदा ऐकलं की अंगात बळ येईल, असा त्याचा हिशेब. ज्याला वाचवायचं, त्याच्याच आईकडं हा हिंमत मागायला गेला.

खाला पलंगावर बसून लसूण सोलत होती. शफीक घरी नव्हता.

"बैस रे. साहेब झाला, आता खालाकडं यायला फुरसत मिळंना तुला."

कृष्णा बसला. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विषय काढला. "खाला, आम्ही फकीर व्हायचो ते आठवतं का? मी कसा आवाज लावायचो?"

खालानं चष्म्यावरून बघितलं. "तू?"

"व्हय. गल्ली दणाणून सोडायचो म्हणं."

खाला हसायला लागली. इतकी हसली की लसणाची सालं पलंगभर झाली. "अरे बेटा, तू कुठला आवाज लावतोस. वो तो विश्या था. एवढंसं पोर, पण काय चिल्लायचा, तौबा. तो अन् माझा शफीक दोघं पुढं पळायचे. तू दारात जाऊन नुस्ता खडा राहायचा. झोळी धरून, मान खाली. बायका इचारायच्या, कुणाचा रे तू? तर तू रडायला लागायचा. मग मीच तुझ्या मागं उभी राहून आवाज द्यायची. लोकांना वाटायचं पोरगंच मागायलंय."

ती हे सगळं इतक्या मायेनं सांगत होती की कृष्णाला मध्ये बोलताही येईना.

"अन् पाटलाचा कुत्रा?"

"कुत्रा आला की तू माझ्या बुरख्यात." तिनं डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शफीकचं काय झालंय रे? इचारलं तर म्हणतो सुट्टी. ठेकेदाराच्या माणसाला कुठली सुट्टी? मी आई हाय, मला समजतं. तू तर तिथं साहेब हाईस. तू एक लफ्ज बोल माझ्या पोरासाठी."

कृष्णा म्हणाला, "बोलतो खाला." तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर आला. गाडी सुरू करायची सोडून तो बराच वेळ तिच्यावर नुसताच बसून राहिला. त्याला वाटलं, म्हातारीची चूक होत असेल. वय झालं. पण तिला कुत्रा आठवत होता, बायका काय विचारायच्या ते आठवत होतं. खरं सांगायचं तर ती दाराची चौकट, ती खाली घातलेली मान, हे त्यालाही आता दिसायला लागलं होतं. आणि आवाज लावल्याचं काही केल्या आठवेना. चाळीस वर्षांत त्याला स्वतःचा तो आवाज एकदाही आठवला नव्हता. आठवायचा तो आईचा, गोष्ट सांगतानाचा.

शुक्रवारी सकाळी भागूबाई चुलीपुढं नव्हती, गॅसपुढं होती. पण भाकरी मात्र तीच थापायची, सुनेला हात लावू द्यायची नाही. कृष्णा शेजारी जाऊन उभा राहिला.

"आई, फकीर झाल्यावर आवाज कोण लावायचं? मी का विश्या?"

तिचा हात थांबला नाही. "जमिलानं सांगितलं व्हय?"

एवढ्यावर सगळं कळलं. कृष्णाला वाटलं होतं ती नाही म्हणेल, चिडेल, खालाच्या नावानं बोटं मोडेल. ती भाकर उलटवत म्हणाली, "मंग काय करू? सहा वर्षांचा झाला तरी परक्यापुढं तोंड उघडंना तू. मास्तर म्हणला, पोरगं मुकं हाय का. तुझा बाप म्हणायचा, हे कसं जगंल. दवाखाना नव्हता, काय नव्हतं. म्हणलं, सांगून बघू. रोज सांगितलं तर याला खरं वाटंल, अन् खरं वाटलं तर करंल बी."

"विश्याची गोष्ट उचलून मला दिलीस. मग त्याला काय दिलंस?"

"त्याला काय द्यायचं? तो व्हताच तसा."

विश्वजीत पुण्यात गाड्यांचा धंदा करतो. फोनवर बोलला तरी शेजारच्या खोलीत ऐकू येतो. कृष्णाला त्याच्याबद्दल कधी असूया वाटली नव्हती. उलट लहानपणी माझ्या कुडत्याचं टोक धरणारा पोरगा किती पुढं गेला, असं कौतुक वाटायचं. आता त्याला काय वाटावं हेच कळेना.

"मग झालो का मी धीट?" त्यानं विचारलं.

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. "साहेब झाला की," ती म्हणाली.

राग यायला पाहिजे होता, पण राग तरी कुणावर काढणार? दोन लेकरं पुरलेल्या बाईनं तिसऱ्याला जगवायला जे सुचलं ते केलं. कृष्णा डबा घेऊन कामावर गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याला मोनिका मॅडमनी जाताना दिलेलं कार्ड आठवलं. पार्किंगमध्ये जाऊन त्यानं फोन लावला.

"मॅडम, मी शेंद्र्याचा कुटे. आगवाला. एक विचारायचं होतं. लहानपणची गोष्ट चुकीची निघाली तर काय होतं?"

मॅडम प्रवासात होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मग तुम्ही पाणी प्रकारात येता. वाईट वाटून घेऊ नका. अशी माणसं खूप समजूतदार असतात, ऐकून घेणारी असतात. आपण जसे आहोत तसे स्वतःला स्वीकारायचं."

"ते स्वीकारतो मॅडम. पण मला उद्या बोलायचंय."

"मग बोला की," मॅडम म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी कृष्णा लवकर उठला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. भागूबाई ओट्यावर बसली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, परत एकदा सांग."

"काय?"

"गोष्ट. मी आवाज लावायचो ती."

भागूबाईनं पदर सावरला. तिनं सुरुवात केली, हिरवा कुडता, गळ्यात नाडा, माझा कृष्णा पुढं... आणि तिथं अडली. इतक्या वर्षांत ती कधी अडली नव्हती. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबली. मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा, उशीर होईल." कृष्णाला तिची इतकी दया आली की क्षणभर तो आपलं दुःख विसरला.

केबिनमध्ये मीटिंग सुरू झाली. ठेकेदाराकडून आलेला मुकादम बोलत होता. शफीक लक्ष देत नव्हता, माल न बघताच टाकत होता, असल्या लोकांमुळं आमचं नाव खराब होतं. साहेब ऐकत होते. साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ कृष्णाकडं वळून विचारलं, "कुटे, लाइन तुमची आहे. डायचा काही प्रॉब्लेम होता का? शफीकनं तसं काही सांगितलं होतं का तुम्हाला?"

यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार? वाक्य जिभेवर तयार होतं. फक्त 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कृष्णानं तोंड उघडलं. साहेब थांबले. त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही, घाई केली नाही, खरंच थांबले. कृष्णाला आपला श्वास ऐकू येत होता आणि कुणीतरी मागं उभं राहून आपल्यासाठी बोलेल असं वाटत होतं. पण मागं नुसती भिंत होती. मान आपोआप खाली गेली.

"म्हणजे नाही," साहेब म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले.

कृष्णा तिथून बाहेर कसा आला, जिना कसा उतरला, कोण जाणे. त्याला रडायला येत होतं आणि रडताही येत नव्हतं. लाइनवर पोरं 'राम राम' घालत होती, तो मान हलवत होता. जेवणाच्या सुट्टीत तो गेटबाहेर आला, तर समोर चहाच्या टपरीवर शफीक उभा. गेटपास आणि कंपनीचे बूट परत करायला त्याला बोलावलं होतं. बूट पिशवीत होते.

"ये," शफीक म्हणाला आणि त्यानं दोन चहा सांगितले.

कृष्णाला पळून जावंसं वाटलं. तो जवळ गेला. "शफीक, मी आत..." एवढंच तो बोलला.

"असू दे रे." शफीकनं चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला. "मला दुसरीकडं लागलंय काम. चिकलठाण्यात वर्कशॉप हाय एक, जुन्या ओळखीचं. पगार कमी हाय, पण घराजवळ पडतंय. तू जिवाला लावून घेऊ नको."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कृष्णानं शोधून बघितला, टोमणासुद्धा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी झाला असता.

"खाला काय म्हणंल?" कृष्णानं कसंबसं विचारलं.

"अम्मीला सांगितलंय मी सगळं. काम गेलं म्हणून सांगितलं. अन् कृष्णा माझ्यासाठी लई भांडला, साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलला, पण साहेबानं ऐकलं नाय, असं सांगितलं. लई दुवा दिली तिनं तुला." शफीकनं फुंकर मारून चहाचा घोट घेतला. "ती इचारील तवा तू व्हय म्हण. एवढंच कर."

कृष्णानं ग्लास बाकावर ठेवला. हात भाजत होता हे त्याला आत्ता कळलं.

"तुला आतलं इतक्यात कुणी सांगितलं? मीटिंग तर आत्ता संपली. खालाला कधी बोललास?"

"काल," शफीक म्हणाला.